आजोबांच्या वहीतील ‘चिंजाब’: युद्धकाळातले हातघाईचे शिक्षण आले कुठून?

प्रश्न : वर्धारोडवासी

नमस्कार. प्रतापनगरातील आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची एक खाकी पुठ्ठ्याची वही सापडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पायदळात शिपाई होते. वहीच्या पहिल्या पानावर जांभळट उमटणाऱ्या पेन्सिलीने ‘छिंदवाडा, १९४४’ एवढेच लिहिले आहे. पुढची बरीच पाने मनिऑर्डरींच्या आणि साबण-तेलाच्या हिशेबाने भरलेली आहेत, परंतु मधली अकरा पाने अगदी वेगळी आहेत. त्यांवर एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन माणसांची काटकुळी चित्रे असून प्रत्येकाखाली एकेक शब्द लिहिलेला आहे. पहिल्या चित्रात एकाचा तळहात दुसऱ्याच्या हनुवटीखाली आहे आणि खाली ‘चिंजाब’ असे लिहिले आहे. दुसऱ्यात हाताची कड मानेवर पडते आहे आणि खाली ‘एजफान’ असा शब्द आहे. एका पानावर तर केवळ एक मूठ आणि त्या मुठीत धरलेली काडीपेटी आहे, व तिच्याखाली ‘रेलगाडी’ हा शब्द. हे पान म्हणजे आजोबांच्या बिडीकाडीचा हिशेब असावा, असे घरातील सर्वांनी ठरवून टाकले आहे. मला ते पटत नाही.

माझी मुलगी धरमपेठेत स्वसंरक्षणाच्या वर्गाला जाते. तिच्या शिक्षकांना पाने दाखवली, तेव्हा त्यांनी सांगितले की ही विद्या हजारो वर्षांपूर्वीची असून बोधिधर्माने ती भारतातून चीनमध्ये नेली, तेथून ती इंग्रजांच्या हाती लागली आणि ‘चिंजाब’ हा मूळ चिनी शब्द आहे. महालातील एका आखाड्याशी संबंधित असलेल्या ज्येष्ठ स्नेह्यांचे मत निराळे आहे. शांघायमध्ये शीख पोलीस होते आणि इंग्रजांनी त्यांच्याकडूनच हे डावपेच उचलले, असे ते म्हणतात. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे दोन्ही कथांचा पाया मला तपासता येत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो की युद्धकाळात सैनिकांना शिकवल्या जाणाऱ्या या निःशस्त्र झुंजीच्या पद्धती नेमक्या कोणी, कुठे आणि कशासाठी तयार केल्या? आणि ‘चिंजाब’ म्हणजे काय?

प्रतिसाद : धंतोलीचा ग्रंथपाल

आपल्या वहीने माझी कालची संध्याकाळ खाऊन टाकली, त्याबद्दल आभारी आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. ‘चिंजाब’ हा चिनीही नाही आणि पंजाबीही नाही. तो ‘चिन जॅब’ हा साधा इंग्रजी शब्द आहे, ‘चिन’ म्हणजे हनुवटी. बोटे मागे वळवून तळहाताच्या टाचेने हनुवटीखालून वर दिलेला तो फटका. ‘एजफान’ म्हणजे ‘एज ऑफ हँड’, हाताची कड. हे दोन शब्द एकाच वहीत, शेजारशेजारच्या पानांवर आणि १९४४ साली येतात, म्हणजे त्या शिक्षणाचा उगम बहुतेक निश्चित सांगता येतो. हे दोन्ही फटके विल्यम इवार्ट फेअरबेर्न या माणसाच्या पद्धतीचे आधारस्तंभ आहेत.

फेअरबेर्न १८८५ साली इंग्लंडमध्ये जन्मला. १९०१ मध्ये तो रॉयल मरीन्समध्ये दाखल झाला, काही काळ कोरियातील ब्रिटिश वकिलातीच्या पहाऱ्यावर राहिला आणि १९०७ मध्ये शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत शिरला. त्या काळचे शांघाय डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. शहराच्या एका भागात आंतरराष्ट्रीय वसाहत होती. तिचा कारभार परकीयांच्या नगरपालिकेकडे होता, आणि पोलिसांत ब्रिटिश, चिनी, शीख असे सगळेच होते. अफूचा व्यापार, अपहरण, सशस्त्र दरोडे या तिथल्या नित्याच्या गोष्टी होत्या. गस्तीवरच्या पोलिसाला बहुधा अरुंद गल्लीत, अंधारात आणि अगदी हाताच्या अंतरावर झुंजावे लागे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात फेअरबेर्नला अशाच एका गल्लीत बेदम मार बसला आणि तो शुद्धीवर आला तेव्हा रुग्णालयात होता, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्यानंतर त्याने ओकादा नावाच्या जपानी शिक्षकाकडे जुजुत्सूचे धडे घेतले. पुढे टोकियोच्या कोदोकान या ज्यूदो संस्थेची दुसऱ्या श्रेणीची काळी पट्टीही त्याला मिळाली. त्याखेरीज त्याने चिनी मुष्टियुद्धही अभ्यासले. या साऱ्यातून गाळून घेतलेल्या पद्धतीला त्याने ‘डिफेंडू’ असे नाव दिले आणि १९२६ मध्ये तिच्यावर सचित्र पुस्तक काढले.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. १९२६ चा डिफेंडू आणि १९४०चे कमांडो शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पोलिसांसाठी होता. त्यात मनगट पकडल्यास सोडवून घेणे, संशयिताला वाकवून नेणे, छत्री किंवा हातकाठीने बचाव करणे असे बरेच काही आहे, कारण पोलिसाला माणूस जिवंत ठाण्यावर न्यायचा असतो. ३० मे १९२५ रोजी शांघायमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, त्यात अनेक जण ठार झाले आणि चीनभर असंतोष उसळला. त्यानंतर पोलिसांत दंगल आवरण्यासाठी एक खास राखीव तुकडी उभारण्यात आली आणि तिच्या शिक्षणाची सूत्रे फेअरबेर्नकडे आली. अंधाऱ्या खोल्यांतून अचानक पुढे येणाऱ्या पुतळ्यांवर गोळी झाडण्याचा सराव करवणारे खास घर त्याने तेथेच बांधून घेतले होते. एरिक अँथनी साइक्स हा त्याचा पुढचा सहकारीही तेथेच भेटला. तो बंदुकांच्या व्यापारातला माणूस होता आणि पोलिसांच्या राखीव दलात नेमबाजांचे काम पाहत होता.

मग १९४० साल आले. जूनच्या सुरुवातीला डंकर्कहून माघार पूर्ण झाली, ब्रिटनमध्ये कमांडो तुकड्या उभारण्याचे ठरले आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लोखायलॉर्ट येथे त्यांच्यासाठी शिक्षणकेंद्र निघाले. शांघायच्या नोकरीतून निवृत्त झालेले हे दोघे त्याच उन्हाळ्यात तिथे पोहोचले. फेअरबेर्न तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता आणि साइक्सही त्याच्याच आगेमागे. चष्मा लावणारे, बोलायला सौम्य असे हे दोन गृहस्थ पाहून तरुण अधिकाऱ्यांना आपण चुकीच्या वर्गात आलो की काय असे वाटले असल्यास नवल नाही. त्या वर्षाच्या अखेरीस दोघांनी विल्किन्सन स्वोर्ड या कारखान्यासाठी जो दुधारी खंजीर आखला, तो आजही कमांडोंच्या बोधचिन्हांवर दिसतो.

पोलिसी कलेत आता जो बदल झाला, तोच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. माणूस जिवंत नेण्याची अट नाहीशी झाली आणि वेळ अतिशय थोडा उरला. त्यामुळे ज्यूदोतील बहुतेक फेका, सांधे अडकवण्याचे बारीक डाव, जमिनीवरची झटापट हे सारे बाजूला पडले. तळहाताची टाच, हाताची कड, गुडघा आणि बुटाने नडगी खरवडत खाली पावलावर हाणणे, एवढ्या मोजक्या गोष्टी शिल्लक राहिल्या. चिन जॅबचे महत्त्वही त्यातच आहे. मुठीने हनुवटीवर मारताना बोटांची हाडे मोडू शकतात, तळहाताच्या टाचेला ती भीती नसते आणि जाड हातमोज्यातही तो फटका बसतो. या पद्धतीचे फेअरबेर्नचे पुस्तक १९४२ मध्ये निघाले.

काडीपेटीचे पान मात्र बिडीचा हिशेब नाही, याची आपण घरच्यांना खुशाल खात्री द्यावी. त्या पुस्तकात ‘काडीपेटीचा हल्ला’ असा एक स्वतंत्र डाव आहे. आपण आगगाडीच्या डब्यात बसलो आहोत आणि शेजारच्या माणसाने बरगडीला पिस्तूल लावले आहे, असा त्यातला प्रसंग आहे. अशा वेळी काडीपेटी मुठीत अशी धरायची की तिची वरची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या किंचित खाली राहील. मग पिस्तुलाचा हात दूर सारत, कमरेतून वळत, जबड्यावर खालून वर फटका द्यायचा. आजोबांनी ‘रेलगाडी’ असे का लिहिले, हे आता सांगायला नको.

बोधिधर्माविषयी थोडक्यात. तो पाचव्या-सहाव्या शतकातला मानला जातो, परंतु चीनमधील शाओलिन मठाच्या युद्धकलेशी त्याचा संबंध जोडणारे लेखन सतराव्या शतकातले आहे. कथा सुंदर आहे, पण छिंदवाड्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता तिच्याजवळ नाही.

प्रतिसाद : कामठीचा जुना उस्ताद

वर्धारोडवासी साहेब, आजोबांच्या वहीला आधी माझा सॅल्यूट सांगा. मी फौजेत वीसहून अधिक वर्षे पी.टी. शिकवले आणि निवृत्तीनंतर कामठीतच राहिलो. ग्रंथपाल साहेबांनी लिहिलेल्या इतिहासात मी भर घालू शकत नाही, परंतु ‘चिंजाब’ असा शब्द का झाला असावा, हे मी सांगू शकतो.

इंग्रजांच्या काळात हिंदी फौजेत शिक्षणाची भाषा रोमन लिपीत लिहिलेली उर्दू होती. गोरा सार्जंट इंग्रजी शब्द बोलणार, उस्ताद तो उर्दू वाक्यात गुंफून मैदानात ओरडून सांगणार आणि पाचशे पावलांवर उभा असलेला मराठी शिपाई तो कानाने ऐकून रात्री कंदिलाजवळ देवनागरीत उतरवणार. माझ्या काळातही रंगरुटांच्या वह्यांत ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ सोडले तर निम्मे शब्द असेच उतरलेले असत. आजोबांनी हे शब्द पुस्तकातून घेतलेले नसून मैदानात ऐकलेले आहेत, याचा वहीपेक्षा मोठा पुरावा मला तरी सुचत नाही.

छिंदवाड्याचे कारण सरळ आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश हातचा गेला आणि १९४३ च्या ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील आराकान मोहिमेतही मार बसला. तेव्हा कच्चे शिपाई जंगलात पाठवण्यात अर्थ नाही, हे वरिष्ठांच्या लक्षात आले. त्यानंतर चौदाव्या हिंदी डिव्हिजनला आघाडीवरून काढून छिंदवाड्याला प्रशिक्षण डिव्हिजन म्हणून बसवण्यात आले. रंगरूट आपापल्या सेंटरमध्ये मूलभूत शिक्षण घेऊन येत आणि मग येथे सुमारे दोन महिने जंगलातील लढाई शिकत. त्याच्या आधी, १९४२ मध्ये, विंगेट या ब्रिटिश सेनानीच्या ब्रिगेडनेही आपल्याच मध्य प्रांतात सागरच्या बाजूला सराव केला होता. त्या वेळी नागपूर या प्रांताची राजधानी होते, म्हणजे ही सारी मंडळी आपल्याच अंगणात पळत होती. आजोबा बहुधा इतवारीहून छोट्या लाइनच्या गाडीने गेले असतील.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. युद्धातील शिक्षणाचा खरा जनक कोणी गुरू नसतो, तो घड्याळ असतो. आखाड्यात पोराला लंगोट लावण्यापासून चांगला मल्ल होईपर्यंत आठ-दहा वर्षे लागतात. फौजेला दोन महिन्यांत शेतकरी, शिंपी, कारकून यांच्यातून सैनिक काढायचा असतो. त्यातही नेमबाजी, कूच, खंदक, नकाशा, मलेरियाची गोळी हे सगळे असते. निःशस्त्र झुंजीच्या वाट्याला आठवड्यातले काही तास येतात. म्हणून त्या तासांत जे शिकवायचे ते असे हवे की थकलेल्या, घाबरलेल्या आणि पाठीवर बोजा असलेल्या माणसालाही आठवावे. भीतीने हात थरथरतात, बोटांचे नाजूक काम बंद पडते. पण ढकलणे, हाणणे आणि गुडघा मारणे उरते. फेअरबेर्नने फालतू ते सारे काढून टाकले, ही त्याची हुशारी.

याची मुळे संगिनीच्या शिक्षणातही आहेत, आणि ती बहुधा लोक विसरतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने संगीन आणि बॉक्सिंग यांची जाणूनबुजून सांगड घातली. दोन्हींत डावा पाय पुढे, दोन्हींत पुढच्या हाताने अंतर राखायचे आणि दोन्हींत वजन पुढे टाकून घुसायचे. पेंढा भरलेल्या पोत्यांवर ओरडत धावून जाण्याचा जो तास असतो, तोही तिथलाच. गंमत अशी की त्या महायुद्धात संगिनीने झालेल्या जखमांचे प्रमाण एकूण जखमांत एक टक्क्याहूनही कमी होते. मारणारा असे तो तोफखाना. मग एवढा खटाटोप कशाला? तो तास मुळात संगिनीचा नसतोच. माणसाने माणसाकडे धावून जावे, मागे फिरू नये, एवढ्यासाठी तो असतो. मी स्वतः हा तास शिकवला आहे. पोत्यावर पहिल्या दिवशी कुजबुजत धावणारा पोरगा पंधराव्या दिवशी कसा धावतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

खंदकांच्या लढाईत मात्र जवळची मारामारी खरोखरच होत असे. रात्री छापा घालणाऱ्या टोळ्या लांब रायफल बाजूला ठेवून खिळे ठोकलेले सोटे, सुरे आणि धार लावलेली फावडी घेऊन जात. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले, तेव्हा एकही गोळी झडली नव्हती आणि समोरून खिळ्यांचे सोटे आले होते. प्रत्यक्ष ताबारेषेजवळ गोळीबार करू नये असा करार १९९६ पासून आहे. बंदुकीला बांध घातला की शंभर वर्षांपूर्वीचा खंदक परत येतो.

प्रतिसाद : लाल माती (महाल)

ज्या ‘ज्येष्ठ स्नेह्यां’चा प्रश्नात उल्लेख आहे ते मीच असल्याची शंका येते, म्हणून लिहितो. शीख पोलिसांविषयी मी जे बोललो ते थोडे तोलून बोलायला हवे होते, हे मान्य करतो. परंतु पूर्ण माघार घेत नाही.

शांघायच्या पोलिसांत १८८०च्या दशकापासून शीख होते, हे खरे आहे. ते फेअरबेर्नचे सहकारी होते, त्याच बराकींत आणि त्याच रस्त्यांवर. इतक्या वर्षांत एकमेकांचे काहीच पाहिले नसेल, हे मला पटत नाही. तथापि, ग्रंथपालांचा प्रतिसाद वाचल्यानंतर मी एक साधी परीक्षा करून पाहिली. आपल्या लाठीचे आणि त्याच्या हातकाठीचे डाव समोरासमोर ठेवले. आपली लाठी फिरते. मनगटात खेळते, डोक्यावरून वर्तुळ काढते आणि चार माणसांना अंतरावर ठेवते. तिला मोकळे अंगण लागते. त्याची काठी छातीशी आडवी, दोन्ही हातांत धरलेली असते. ती पोटावर आडवी बसते आणि मग तिचे टोक हनुवटीखाली घुसते. ती गर्दीतल्या, भिंतीला पाठ लागलेल्या माणसाची काठी आहे. तिच्यात मला लाठी दिसली नाही, संगीन दिसली. उस्तादांचे म्हणणे वाचल्यावर तर ती अधिकच स्पष्ट दिसली.

कुस्तीचेही तसेच. आमच्या मातीत समोरच्याची पाठ जमिनीला लावली की काम झाले. ढाक असो, धोबीपछाड असो, शेवटी दोघेही खाली असतात आणि त्याच्यावर आपण स्वार असतो. युद्धात खाली जाणे म्हणजे मरणे, कारण त्याचा साथीदार उभा असतो आणि त्याच्या पायात बूट असतो. म्हणून त्या पद्धतीत उभे राहण्यावर एवढा भर आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांचा आहार, सराव आणि डाव यांचे सविस्तर वर्णन आहे, पण ते राजापुढे होणाऱ्या खेळाचे आहे. त्याला नियम आहेत, वयाचे आणि वजनाचे गट आहेत. खेळ आणि हातघाई यांच्यातील फरक आमच्या पूर्वजांनाही चांगलाच ठाऊक होता.

त्या फरकासाठीच आपल्याकडे बिनोट होती. शस्त्रधाऱ्यासमोर रिकाम्या हाताने किंवा रुमाल, लहान काठी, नाणे बांधलेला फडका अशा हाताशी येईल त्या वस्तूने बचाव करण्याची ती विद्या. मुठीतली काडीपेटी वाचली आणि मला सर्वप्रथम बिनोटच आठवली. उसनवारी झाली असे मी म्हणत नाही. अडचण सारखी असली की उत्तरही सारखे निघते, एवढेच म्हणतो. आणि हो, देवाणघेवाण उलट दिशेनेही होत होती. १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी ताकागाकी या ज्यूदो शिक्षकाला जपानहून शांतिनिकेतनात बोलावले होते. आमच्या शेजारी अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवायला गेले होते. त्या काळात पद्धती आगबोटीने फिरत होत्या. त्यामुळे ‘मूळ आमचेच’ असे कोणीही म्हटले, त्यात मीही आलो, तर जरा थांबून विचारावे.

प्रतिसाद : धंतोलीचा ग्रंथपाल

काठीची परीक्षा मला सुचायला हवी होती. लाल माती यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पद्धतीचे मूळ नावात वा दंतकथेत न शोधता हाताच्या ठेवणीत शोधावे, हे त्यांनी करून दाखवले.

आगबोटींचा उल्लेख झाला म्हणून आणखी दोन गोष्टी जोडतो. पहिली जपानची. ज्या देशातून फेअरबेर्नने ज्यूदो घेतले, त्या देशाने संगिनीचे शिक्षण मात्र मेइजी काळात (१८६८–१९१२) फ्रेंच अधिकाऱ्यांकडून घेतले होते आणि नंतर त्यावर आपल्या जुन्या भाल्याच्या विद्येचे कलम केले. त्यातूनच आजचे जुकेंदो, म्हणजे संगिनीचा जपानी युद्धखेळ, घडले.

दुसरी रशियाची. तेथील साम्बो या शब्दाचा अर्थच ‘शस्त्राविना स्वसंरक्षण’ असा आहे. त्याच्या प्रवर्तकांपैकी वासिली ओश्चेप्कोव हा साखालिन बेटावरचा पोरका मुलगा. तो जपानमधील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकला, १९११ मध्ये कोदोकानमध्ये शिरला, १९१३ मध्ये काळी पट्टी मिळवली आणि पुढे मॉस्कोत लाल सैन्याला शिकवू लागला. १९३७ मध्ये जपानचा हेर असल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली आणि तो तुरुंगातच मरण पावला. नोव्हेंबर १९३८ मध्ये साम्बोला अधिकृत खेळ म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा त्याचे नाव घेणे कोणाला परवडणारे नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे या विद्येचे मूळ सांगताना सोव्हिएत प्रजासत्ताकांतील लोककुस्त्यांची यादी दिली जात असे आणि जपान गाळला जात असे. दोन महासत्तांच्या सैनिकांनी एकाच युद्धात ज्या पद्धती वापरल्या, त्या दोन्हींच्या मुळाशी टोकियोतली एकच तालीम होती. जिगोरो कानो यांनी ती १८८२ मध्ये काढली, तेव्हा त्यांच्या मनात शाळकरी मुलांचे शारीरिक शिक्षण होते. प्रतिस्पर्ध्याला इजा न करता सराव करता यावा, म्हणून त्यांनी जुन्या जुजुत्सूतील घातक डाव वेगळे काढले होते. फेअरबेर्नने तेच घातक डाव शोधून परत आत आणले.

अमेरिकेचा धागाही याच गुंत्यातला आहे. डिसेंबर १९४१ मध्ये कॅनडात, ओंटारियो सरोवराच्या काठी, हेरांसाठी एक गुप्त शिक्षणतळ सुरू झाला. फेअरबेर्न १९४२ मध्ये तेथे गेला आणि मग अमेरिकन हेरखात्याच्या लोकांनाही शिकवू लागला. रेक्स ॲपलगेट हा तरुण अमेरिकन अधिकारी त्याचा शिष्य व सहकारी झाला आणि त्याने १९४३ मध्ये याच पद्धतीवर पुस्तक लिहिले. साइक्स मात्र ब्रिटनमध्येच राहिला आणि १९४५ मध्ये वारला. त्या खंजिरावर दोघांची नावे आजही एकत्र आहेत.

प्रतिसाद : कामठीचा जुना उस्ताद

एक राहिले. वहीत कुठे जमिनीवर पडल्यानंतर उठण्याचे चित्र आहे का, ते पाहावे. आमच्याकडे पडायला आणि उठायला पहिल्या दिवशी शिकवत. ते पान असल्यास शिकवणारा चांगला होता असे समजावे.

प्रश्नकर्ता : वर्धारोडवासी

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. उस्ताद, ते पान आहे. अकरापैकी नववे. कुशीवर वळलेला माणूस, एक हात जमिनीवर आणि एक गुडघा दुमडलेला. खाली ‘ऊठ जवान’ असे लिहिले आहे. त्याला आम्ही व्यायामाचे चित्र समजत होतो. लाल माती, तो स्नेही आपणच, हे मान्य करतो. रविवारी चहाला येतो तेव्हा वही घेऊन येईन.

काल हा सगळा धागा मी सीताबर्डीला राहणाऱ्या आत्याला वाचून दाखवला. काडीपेटीच्या पानापर्यंत ती नुसती ऐकत होती. नंतर उठून स्वयंपाकघरात गेली, गॅसजवळची काडीपेटी घेऊन आली आणि मुठीत धरून माझ्यासमोर बसली. अंगठा आणि तर्जनी जिथे चित्रात आहेत, बरोबर तिथेच होती. ती १९६६ मध्ये शिक्षणासाठी जबलपूरला जाऊ लागली, तेव्हा आजोबांनी तिला इटारसीपर्यंतच्या प्रवासासाठी हे शिकवले होते. प्रत्येक सुट्टीनंतर स्टेशनवर सोडताना ते डबा, पाणी आणि तिकीट तपासत आणि शेवटी पर्स उघडून काडीपेटी आहे की नाही ते पाहत. वसतिगृहाच्या मेट्रनने एकदा तीवरून तिला सिगारेट ओढतेस का म्हणून उभे केले होते. तिने खरे कारण सांगितले नाही, कारण ते कोणाला खरे वाटले नसते.

अकराही पानांची छायाचित्रे आज रात्री येथे टाकतो. शेवटच्या पानावरचा एक शब्द अजून लागलेला नाही, ‘ट्यागरझ’ असे काहीतरी वाचता येते आणि चित्रात नुसती पाच पसरलेल्या बोटांची टोके चेहऱ्याकडे गेलेली आहेत.

प्रतिसाद : धंतोलीचा ग्रंथपाल

‘टायगर्स क्लॉ’. वाघनख म्हणा हवे तर, पण चिन जॅबच्या पुढची पायरी. तळहात हनुवटीवर बसला की बोटे आपोआप डोळ्यांपाशी येतात.